दोन मागांमधली जागा

पत्रास कारण की... : वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं

काका, सलाम. मी विडी घरकुलात राहते, घरी विड्या वळते. उन्हाळ्यात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक मुलगी लग्न होऊन आली, माहेर लातूरकडचं. पाळक साहेबांनी महिला मंडळात सगळ्यांदेखत सांगून टाकलं, हिला विश्वासात वाढवायची जबाबदारी तुमची. मी आठवी, ती बी.कॉम. परवा तिनं विचारलं, एस्तेरच्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही नाही, मग ते पवित्र शास्त्रात कसं? मी म्हटलं, थांब, चहा टाकते. आता पुढच्या वेळी काय टाकू?
— एक बहीण, सोलापूर

ताई, चहा टाकलात ते उत्तमच केलंत. पुढच्या वेळीही चहाच टाका, फक्त कप हातात देताना म्हणा, "मला ठाऊक नाही गं. चल, दोघी मिळून बघू." एवढं तोंडातून निघालं की अर्धं काम झालं. आपल्याकडे शिकवणाऱ्याला सगळं आलंच पाहिजे असा एक समज बसलाय, त्यापायी निम्मी माणसं पुढं येत नाहीत. आणि उरलेली निम्मी ठाऊक नसलेलंही ठासून सांगतात.

माझं सांगतो. १९७६ साल, वय सतरा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात मला मागांना धाग्याच्या कांड्या पोचवायला ठेवलं होतं. यंत्रमागावर कामगार दोन मागांच्या मधे उभा राहतो, एक माग समोर, एक पाठीशी. त्या बोळात जेमतेम एक माणूस मावतो. तिथं एका अण्णांनी मला शेजारी उभं करून घेतलं. त्यांची भाषा तेलुगू, माझी मराठी. पण भाषेचा प्रश्नच आला नाही, कारण माग चालू असताना कानाशी ओरडलेलंही कळत नाही. सोलापुरात मागावर शिकलेल्या कुणालाही विचारा, त्याला कुणी 'सांगितलेलं' नसतं.

ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की अण्णा माग थांबवायचे. तुटलेलं टोक बोटांनी हुडकायचे, त्याला नवीन धाग्याचा तुकडा जोडायचे, तो तारेच्या बारीक डोळ्यातून ओवून फणीतून पुढं ओढायचे. गाठ अशी बारीक बसली पाहिजे की फणीतून निसटून जावी, आणि अशी घट्ट की ताण आला तरी सुटू नये. माझी गाठ सुटायची, नाहीतर लाडवाएवढी व्हायची. अण्णा बोलायचे नाहीत. कात्रीनं कापायचे, माझं डावं बोट स्वतःच्या हातात धरायचे, दोन टोकं त्यावर आडवी ठेवायचे, वर माझा अंगठा दाबायचे. पुन्हा कापायचे. किती वेळा कापली असेल देव जाणे. दुपारी मात्र डब्यातली कडक भाकरी मोडून शेंगाचटणीसकट अर्धी माझ्यापुढं सरकवायचे.

दहा-बारा दिवसांनी पाठीमागच्या मागावर धागा तुटला. त्यांनी पाहिलं, मी पाहिलं. अण्णांनी पाठ फिरवली आणि तंबाखू मळत सरळ बाहेर निघून गेले. मी माग थांबवला, गाठ मारली, ओवली, माग सुरू केला. धागा फणीतून गेला. ते पाठ फिरवणं लक्षात ठेवा ताई, खाली दुसऱ्या पत्राच्या उत्तरात त्याचं काम आहे.

आता तुमच्या बी.कॉम.ची भीती. प्रेषितांची कृत्ये, अठरावा अध्याय काढा. अपुल्लोस नावाचा माणूस आलेक्सांद्रियाचा, म्हणजे त्या काळच्या विद्येच्या माहेरघरचा. बोलण्यात पटाईत, शास्त्रात तरबेज. तो इफिसात सभास्थानात बोलायला उभा राहिला. ऐकणाऱ्यांत प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे नवरा-बायको होते. धंदा राहुट्या करण्याचा. क्लौद्य बादशहानं यहुद्यांना रोममधून घालवलं तेव्हा ही दोघं करिंथात आली, आणि धंदा एकच म्हणून प्रेषित पौल त्यांच्याच घरी राहून काम करायचा. अपुल्लोसाचं ऐकल्यावर यांच्या लक्षात आलं की गडी हुशार आहे, पण याला फक्त योहानाचाच बाप्तिस्मा ठाऊक आहे, पुढचं कळलेलं नाही. त्यांनी सभेत उठून चूक काढली नाही. त्याला आपल्याकडं घेतलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. म्हणजे राहुट्या शिवणाऱ्यांनी पंडिताला शिकवलं. नव्या करारात हे जोडपं सहा ठिकाणी येतं आणि त्यातल्या चार ठिकाणी बायकोचं नाव आधी येतं. हे मी आमच्या मंडळीच्या वडीलजनांच्या बैठकीत एकदा सांगितलं, तर एक जण खिडकीबाहेर बघायला लागले. असो.

मग तुम्ही करायचं काय? तुमची कामाची जागा तीच ठेवा. मांडीवर सूप, हातात पान-तंबाखू, आणि शेजारी ती मुलगी मार्काचं शुभवर्तमान मोठ्यानं वाचतेय. तुमचे हात गुंतलेले, कान मोकळे. मार्काचे सोळा अध्याय आहेत, सगळ्यांत लहान शुभवर्तमान तेच. बैठकीला एक अध्याय पुरे. वाचून झालं की तिला एवढंच विचारा, यात तुला काय दिसलं, आणि या आठवड्यात आपल्या घरात त्याचं काय करायचं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीही द्यायचं. "मी जावेशी दोन महिने बोलत नाही, आज हा अध्याय वाचल्यावर मला ते टोचलं," असं तुम्ही एकदा बोललात तर ती मुलगी जे शिकेल ते बी.कॉम.ला नव्हतं. आणि मग जावेशी बोला, ती बघत असणार आहे.

वार ठरवताना नळाला पाणी येण्याचा दिवस सोडा. चार-पाच दिवसांनी पाणी येतं तेव्हा सोलापुरातली बाई देवदूत आला तरी त्याला आधी बादली धरायला सांगेल.

तिला बरोबर न्या. सिव्हिलला कुणाला बघायला जाताना, मयताच्या घरी जाताना, बाळंतिणीकडं जाताना. तिथं तुम्ही काय बोलता, किती गप्प बसता, प्रार्थना किती आखूड करता, हे तिला दिसू दे. येशूनं बारा जणांना नेमलं तेव्हा मार्कानं पहिलं कारण लिहिलं ते हे की त्यांनी त्याच्याबरोबर असावं. उपदेशाला पाठवणं नंतर येतं.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगतो. ती सासरचं काही बोलेल, रडेल. ते महिला मंडळात 'प्रार्थनेचा विषय' म्हणून मांडायचं नाही. "नाव सांगत नाही, पण एका नवीन सुनेसाठी प्रार्थना करा," असंही नाही. मंडळीत नवीन सुना कितीशा असतात? आपल्या मंडळ्यांत जितकी घरं फुटली, त्यातली बरीचशी डोळे मिटून हात जोडलेल्या चुगलीनं फुटली असं माझं मत आहे. विश्वास एकदा गेला की ती तुमच्याकडं परत चहाला येईल, पण बोलायला येणार नाही.

राहिली एस्तेर. मूळ इब्री पुस्तकात देवाचं नाव नाही हे त्या मुलीनं बरोबर हेरलं. तुम्ही दोघी चौथा अध्याय वाचा. एस्तेरला वाढवणारा मर्दखय तिला म्हणतो, तू गप्प बसलीस तर यहुद्यांची सुटका दुसरीकडून होईल. 'दुसरीकडून' म्हणजे कुठून, हे तिला विचारा. मग तीन दिवसांचा उपास येतो, तो कुणापुढं? मग सहावा अध्याय, त्या रात्री राजाला झोप लागत नाही आणि तो इतिहासाची वही वाचायला लावतो. राजाची झोप कुणी उडवली? नाव नाही, पण हात दिसतो. हे मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही तिला सांगू नका. तिला हुडकू द्या.

माझी आजी एका बायबलबाईकडून वाचायला शिकली. १८१३ साली मुंबईला उतरलेलं अमेरिकन मिशन पुढं नगरमार्गे आपल्या भागात आलं, त्या मिशनच्या या बायका. दारोदार जायच्या, उंबऱ्यावर बसायच्या, बाईचं दळण-कांडण चालू असतानाच अक्षर दाखवायच्या. त्यांनी आजीला दळण बाजूला ठेवून ये असं कधी म्हटलं नाही. तुमचं सूपही बाजूला ठेवायची गरज नाही.

काका, मी तरुण संघाचा सेक्रेटरी, वय २४. आम्ही शिष्यत्वाचा बारा आठवड्यांचा कोर्स सुरू केला. पीडीएफ, व्हॉट्सॲप ग्रुप, शेवटी सर्टिफिकेट, सगळं व्यवस्थित. पहिल्या शनिवारी चौदा जण होते, सातव्या शनिवारी तीन. ग्रुपवर सगळे अंगठा दाखवतात, येत कुणीच नाही. बंद करू का? की आमच्या पिढीलाच भूक नाही?
— तरुण संघ, सोलापूर

पिढीला नावं ठेवू नकोस, ते काम आम्हा म्हाताऱ्यांचं आहे.

पहिल्यांदा एक कर. जे अकरा गळाले त्यांच्या घरी जा. ग्रुपवर 'कुठं आहात' टाकू नकोस, पाय घेऊन जा. तुझी मीटिंग शनिवारी सात वाजता. अकरांतले किती जण कारखान्यात बारा तासांच्या पाळीला आहेत? किती जणांचा शनिवार म्हणजे पगाराचा दिवस, आणि किती जणांच्या घरी त्या दिवशी आई पैशाची वाट बघत दारात उभी असते? भूक नाही असं म्हणण्याआधी ताट कुठल्या वेळेला वाढलं ते बघ. काही जण खरंच कंटाळून गेले असतील, तेही ऐकून घे. वाद घालू नकोस.

दुसरं, तीन म्हणजे कमी हे तुला कुणी सांगितलं? येशूनं याइराच्या घरात, रूपांतराच्या डोंगरावर आणि गेथशेमाने बागेत पेत्र, याकोब, योहान या तिघांनाच जवळ घेतलं. तेही बागेत झोपलेच.

आता माझी गोष्ट. तुझ्या वयाचा एक मुलगा पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्याकडं यायचा. हुशार, प्रेमळ. तेव्हा मी कारखान्यात जॉबर होतो, माग बिघडला की दुरुस्त करायचो. संध्याकाळी हात धुऊन दारात बसलो की हा हजर. सहा वर्षं. त्याला शास्त्रातलं कोडं पडलं की मी सोडवायचो. त्याची बापाशी भांडणं मी मिटवायचो. नोकरीचा अर्ज भरताना प्रार्थना मी करायची. तरुण संघात त्याला बोलायचं असलं की मुद्दे माझे. लोक म्हणायचे, काकांनी पोरगा घडवला. मला ते ऐकायला गोड लागायचं, खोटं कशाला बोलू.

मग त्याला चाकणला नोकरी लागली. पहिल्या महिन्यात रोज फोन. मग आठवड्यानं. मग ख्रिसमसला. दीड वर्षानं कळलं की तो कुठल्याच मंडळीत जात नाही. मी एसटीनं पुण्याला गेलो, त्याच्या खोलीवर. रागानंच गेलो होतो. तो म्हणाला, "काका, तिथं चर्चमध्ये मला कुणी ओळखत नाही, आणि स्वतःहून कुणाशी बोलायचं कसं ते मला येत नाही. सोलापुरात सगळं तुम्हीच करायचा की ओ." त्यात तक्रारीचा सूर नव्हता. मेसच्या डब्यातली पोळी मोडत साधं सांगत होता.

परतीच्या गाडीत टेंभुर्णीपर्यंत मला अण्णांची पाठ दिसत होती. सहा वर्षांत मी त्या पोराकडं एकदाही पाठ फिरवली नव्हती. त्याचे सगळे धागे मीच बांधले होते. त्याला गाठ मारताच येत नव्हती, आणि हे मला सहा वर्षांत दिसलं नाही, कारण माझ्या हातच्या गाठी सुरेख पडत होत्या.

म्हणून तुला विचारतो. त्या तिघांनी गेल्या सात आठवड्यांत तुझ्याशिवाय काय केलं? कुणी एकानं तरी बैठक चालवली का? कुणी एखाद्या आजाऱ्याकडं एकटा जाऊन आला का? पीडीएफ तू वाचतोस, प्रश्न तू विचारतोस, कुणी बोललं नाही तर उत्तरही तूच देतोस, असं चाललं असेल तर सर्टिफिकेट फक्त तुलाच मिळालं पाहिजे.

कृत्यांतल्या बर्णबाकडं बघ. यरुशलेमात शौलाला, म्हणजे पुढच्या पौलालाच, कुणी जवळ येऊ देत नव्हतं, तेव्हा यानं त्याला हाताला धरून प्रेषितांकडं नेलं. पुढं अंत्युखियात काम वाढलं तर हा तार्सास जाऊन शौलाला शोधून घेऊन आला, आणि दोघांनी वर्षभर तिथं मंडळीला शिकवलं. शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा त्याच गावात पडलं. आता गंमत बघ. कृत्यांच्या तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीला 'बर्णबा व शौल' असं येतं. त्याच अध्यायात पुढं ते 'पौल व बर्णबा' होतं. अधूनमधून जुना क्रमही येतो, पण गाडी आता पौल हाकतोय. बर्णबा कुठं कुरकुरल्याचं कृत्ये लिहिणाऱ्या लूकानं लिहिलेलं नाही. मला मात्र मंडळीच्या अहवालात नाव दुसऱ्या नंबरावर छापलं म्हणून आठ दिवस झोप नव्हती.

आणि दोघांचं भांडण झालं तेही वाच, पंधरावा अध्याय. योहान मार्क पहिल्या फेरीत अर्ध्यावरून घरी परतला होता. पौल म्हणाला, तो नको. बर्णबा म्हणाला, न्यायचाच. वाद इतका पेटला की दोघे वेगळे झाले, आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. पुष्कळ वर्षांनी पौल आपल्या तरुण साथीदाराला, तीमथ्याला, लिहितो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. तुझ्या अकरांत एखादा मार्क असेल. तो सातव्या शनिवारी आला नाही म्हणून ग्रुपमधून काढू नकोस.

तेव्हा कोर्स बंद करू नकोस, पण उरलेले पाच आठवडे वेगळे कर. पीडीएफ मिटव. तिघांनी पाळीपाळीनं बैठक चालवायची, तू कोपऱ्यात बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. ते चुकतील. एक जण करिंथच्या जागी कलस्सै म्हणेल. जीभ चाव. बैठक झाल्यावर चहाच्या गाड्यावर त्याला एकट्याला सांग, तेही एकच गोष्ट. पाच आठवड्यांनी तिघांनी त्या अकरांतला एकेक निवडायचा, ज्याला जी वेळ जमते त्या वेळेला. पाळी सुटल्यावर सकाळी साडेसातला जमत असेल तर साडेसातला. पौलानं तीमथ्याला हेच लिहिलं आहे, दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात: माझ्याकडून ऐकलंस ते विश्वासू माणसांना दे, जी दुसऱ्यांना शिकवतील. मोजून बघ, एका वाक्यात चार पिढ्या आहेत. तुझ्या कोर्सात सध्या एकच पिढी आहे, तुझी.

तो चाकणचा मुलगा आता कसा आहे हे तू विचारशीलच. पुढची तीन वर्षं काही नाही. मग त्याच्या शेजारच्या खोलीत ओडिशाचा एक मुलगा राहायला आला, तापानं पडला, आणि यानं त्याची पथ्यपाण्याची सोय केली. तो मुलगा विश्वासातला निघाला आणि यालाच म्हणाला, रविवारी मला चर्चला घेऊन चल. आता दोघं जातात. यात माझा हात कुठंच नाही. मला ते थोडं लागलं, मग बरं वाटलं.

गेली चाळीस वर्षं माझी एकही उपासना चुकलेली नाही. दशमांश वेळेवर देतो. आता नवीन पाळक आलेत, माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे. ते ज्येष्ठांनाही म्हणतात, 'वाढत राहा'. या वयात आणखी किती वाढायचं?
— एक ज्येष्ठ वाचक, सोलापूर

दादा, सलाम. चाळीस वर्षं न चुकता येणं सोपं नाही, तेही मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हात. मी स्वतः इतका नेमाचा नाही.

पण इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय एकदा निवांत वाचा. तिथं लेखक चिडलाय तो नवख्यांवर नाही, जुन्यांवर. म्हणतो, इतक्या काळानं तुम्ही शिक्षक व्हायला हवे होतात आणि तुम्हाला अजून दूधच लागतंय. प्रौढ कोण, तर ज्याला सरावानं बरं-वाईट पारखता येतं तो. हजेरीचा तिथं उल्लेख नाही.

तुम्हाला एकच विचारतो. या चाळीस वर्षांत तुमच्या शेजारी बसून कोण शिकलं? एक नाव आठवत असेल तर त्या माणसाला फोन लावा, खुशाली विचारा. आठवत नसेल तर त्या तरुण पाळकालाच घरी जेवायला बोलवा. नवीन गावात नवीन माणूस, त्याला कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. त्याचं ऐका, तुमचंही सांगा. जुन्या करारातल्या कालेबानं पंच्याऐंशीव्या वर्षी यहोशवाकडं डोंगराळ मुलूख मागितला होता, तोही जिथं शत्रू उंच आणि नगरं तटबंदीची. तुमच्यापुढं तर फक्त एक तरुण पाळक आहे.

जाता जाता

काही वाचक उत्तरासाठी थेट फोन करतात. मागांच्या खडखडाटात पस्तीस वर्षं काढल्यामुळं मला फोनवर ऐकू येत नाही. तुम्ही पापाची कबुली देता आणि मी 'हो हो, छान' म्हणतो, असं दोनदा झालंय. कृपा करून लिहूनच पाठवा, अक्षर मोठं काढा.